दत्तक, नदीचा उतार आणि कार्यकारणभाव

अर्थशास्त्रापुढील बहुतेक महत्त्वाचे प्रश्न कार्यकारणभावाचे असतात. किमान वेतन वाढवल्यास रोजगार घटतो का, धरण बांधल्याने आसपासच्या गावांतील गरिबी हटते का, परकी राजवटीखाली गेलेला मुलूख त्यामुळे पुढे आला की मागे पडला, अशा प्रश्नांवर जाहीर सभांपासून विद्यापीठांतील चर्चासत्रांपर्यंत सर्वत्र ठामपणे बोलले जाते. परंतु ही उत्तरे ज्या पुराव्यावर उभी राहायला हवीत, तो पुरावा मिळवणे फार अवघड असते. कृषिसंशोधक शेताचे सारखे वाफे पाडून कोणत्या वाफ्याला खत द्यायचे आणि कोणत्याला नाही हे चिठ्ठ्या टाकून ठरवू शकतो, आणि रोनाल्ड फिशर यांनी विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात इंग्लंडमधील रॉथमस्टेडच्या संशोधन केंद्रात याच रीतीला शास्त्रीय पाया घालून दिला. संस्थाने, नद्या आणि प्रांत यांच्या बाबतीत अशा चिठ्ठ्या टाकता येत नाहीत. जे घडायचे ते घडून गेलेले असते आणि अभ्यासकाच्या हाती उरतात ती जनगणनेची कोष्टके, महसुली दफ्तरे, पीकपाण्याच्या नोंदी आणि घरोघरी फिरून केलेल्या नमुना पाहण्या. प्रयोग न करता जमलेल्या या माहितीतून कारण आणि परिणाम यांचा दुवा कसा शोधायचा, हा या प्रकरणाचा विषय आहे.

अडचणीचे मूळ एका साध्या गोष्टीत आहे. एखाद्या कारणाचा परिणाम मोजायचा, तर ते कारण घडल्यावर जी स्थिती आली ती, आणि ते घडलेच नसते तर त्याच वेळी व त्याच ठिकाणी जी स्थिती असती ती, या दोहोंतील फरक काढावा लागतो. पण यांपैकी दुसरी स्थिती कधीच कोणाच्या दृष्टीस पडत नाही. या न घडलेल्या स्थितीला प्रतितथ्य म्हणतात. पोलिश संख्याशास्त्रज्ञ येर्झी नेमन यांनी १९२३ मध्ये शेतीच्या प्रयोगांसंदर्भात ही कल्पना गणिती भाषेत मांडली आणि १९७० च्या दशकात डोनाल्ड रुबिन यांनी ती प्रयोगाबाहेरच्या माहितीलाही लागू केली. तेव्हापासून कार्यकारणभाव मोजण्याच्या प्रत्येक पद्धतीकडे एकाच प्रश्नाच्या अंगाने पाहता येते: न दिसणाऱ्या प्रतितथ्याच्या जागी ही पद्धत कोणाला उभे करते, आणि तो प्रतिनिधी कितपत विश्वासाचा आहे?

ठिबक सिंचनाचे उदाहरण घेतले तर हा प्रश्न हाताला लागतो. ठिबक बसवलेल्या आणि न बसवलेल्या शेतकऱ्यांचे एकरी उत्पन्न मांडून पाहिले, तर पहिल्या गटाचे उत्पन्न बहुधा जास्त दिसेल आणि हा सगळा फरक ठिबकच्या नावावर जमा करण्याचा मोह होईल. पण ठिबक कोणाकडे येते, याचा विचार केला की चित्र बदलते. ज्याच्या सातबाऱ्यावर विहिरीची नोंद आहे, ज्याच्या त्या विहिरीला वीजजोडणी मिळालेली आहे, सोसायटीचे कर्ज थकलेले नसल्याने ज्याची पत शाबूत आहे, अनुदानाचा अर्ज भरून त्याचा पाठपुरावा करण्याइतका वेळ आणि ओळख ज्याच्यापाशी आहे, अशाच शेतकऱ्याच्या रानात नळ्या अंथरल्या जातात. असा शेतकरी ठिबक नसतानाही शेजाऱ्यापेक्षा चार पोती जास्तच काढत असण्याचा संभव आहे. ज्या गोष्टीचा परिणाम मोजायचा ती गोष्ट मुळातच पुढे असलेल्यांच्या वाट्याला आल्यामुळे तुलनेत शिरणाऱ्या या दोषाला निवडीचा पक्षपात म्हणतात. तो उलट्या दिशेनेही येऊ शकतो: दुष्काळी कामे सर्वांत गांजलेल्या तालुक्यांत काढली जातात, त्यामुळे वरवरच्या तुलनेत ती कामेच दारिद्र्याचे कारण असल्यासारखे दिसते.

यावरचा जुना आणि आजही सर्वाधिक वापरला जाणारा उपाय म्हणजे समाश्रयण, ज्याला व्यवहारात रिग्रेशन म्हणतात. विहीर, जमिनीचा पोत, शिक्षण, कर्ज अशा ज्या घटकांची नोंद उपलब्ध आहे त्यांचा वाटा गणिताने बाजूला काढून, त्या बाबतींत सारख्या असलेल्यांचीच एकमेकांशी तुलना करायची, असे या तंत्राचे सार सांगता येईल. त्याची मर्यादाही त्यातच आहे, कारण जे नोंदले गेले तेवढेच बाजूला काढता येते. हुरूप, चिकाटी, कचेरीतील ओळखपाळख यांचे रकाने कोणत्याही पाहणीत नसतात. ही मर्यादा किती महागात पडू शकते हे रॉबर्ट लालोंड यांनी १९८६ मध्ये दाखवून दिले. अमेरिकेत १९७० च्या दशकात रोजगारापासून दूर राहिलेल्या लोकांना काम आणि प्रशिक्षण देणारा एक कार्यक्रम झाला होता आणि त्यात कोणाला प्रवेश द्यायचा हे चिठ्ठ्या टाकूनच ठरवले असल्याने त्याचा खरा परिणाम माहीत होता: सहभागी पुरुषांची वार्षिक कमाई सुमारे ९०० डॉलरनी वाढली होती. लालोंड यांनी चिठ्ठीत नाव न आलेला गट दूर ठेवला, त्याच्या जागी राष्ट्रीय पाहण्यांतील सर्वसाधारण माणसे तुलनेला घेतली आणि त्या काळी रूढ असलेली तंत्रे एकामागून एक लावून पाहिली. उत्तरे एकमेकांपासून दूर पडली, आणि अनेक तंत्रांनी तर प्रशिक्षणामुळे कमाई घटल्याचा निष्कर्ष दिला. खरे उत्तर आधी माहीत असल्यामुळेच ही चूक उघडी पडली. एरवी यांतील कोणताही आकडा धोरणाच्या टिपणात निर्धास्तपणे छापला गेला असता.

त्यानंतरच्या पिढीतील अर्थशास्त्रज्ञांनी प्रश्नाची दिशा बदलली. अधिकाधिक घटक बाजूला काढत बसण्याऐवजी ते आधी विचारू लागले की ज्याला जे मिळाले ते त्याला का मिळाले. त्या वाटपात कोठेतरी असा एखादा भाग सापडतो का, जो माणसांच्या हिशेबी निवडीतून आलेला नाही, ज्यात नशिबाने, निसर्गाने किंवा एखाद्या आंधळ्या नियमाने चिठ्ठ्या टाकल्या आहेत? या शोधाला गणितापेक्षा इतिहास, भूगोल आणि कायदा यांची माहिती जास्त लागते, आणि चांगल्या कार्यकारण अभ्यासाचे खरे बळ त्या माहितीत असते, हे पुढील उदाहरणांवरून दिसून येईल.

कल्पनेचे बीज मात्र बरेच जुने आहे. फिलिप राइट यांनी १९२८ मध्ये प्राणिज आणि वनस्पतिज तेलांवरील आयातकराविषयी एक ग्रंथ लिहिला आणि त्याच्या एका परिशिष्टात जवसाच्या बाजाराचा प्रश्न सोडवला. जवसाचा भाव वाढल्यास मागणी किती घटते हे बाजारातील भाव आणि विक्री यांच्या आकड्यांवरून थेट कळत नाही, कारण भाव मागणीने हलतो तसाच पुरवठ्यानेही हलतो आणि आकड्यांत दोन्ही एकमेकांत मिसळलेले असतात. ज्या गोष्टीने केवळ पुरवठा हलतो आणि गिऱ्हाइकाच्या गरजेला धक्का लागत नाही अशी गोष्ट, उदाहरणार्थ त्या वर्षीचा एकरी उतारा, हाती धरली, तर तिच्यामुळे भावात झालेल्या चढउतारावरून मागणीची रेषा शोधता येते, अशी ही युक्ती होती. अशा बाहेरून येणाऱ्या आणि एकाच मार्गाने परिणाम करणाऱ्या घटकाला पुढे साधनचल असे नाव पडले. तेलबियांच्या बाजारासाठी सुचलेली ही युक्ती दीर्घकाळ त्या परिशिष्टातच पडून राहिली.

साधनचलाची ताकद आणि त्याच्या अटी समजून घेण्यासाठी मराठी वाचकाला दूर जाण्याची गरज नाही. ब्रिटिश राजवटीचा भारतातील आर्थिक विकासावर काय परिणाम झाला, या जुन्या वादाचा एक भाग मोजता येण्याजोगा आहे, कारण सगळा भारत ब्रिटिशांनी थेट आपल्या अमलाखाली घेतलेला नव्हता. स्वातंत्र्यापूर्वी देशाचा दोन पंचमांशांहून अधिक भूभाग आणि जवळपास एक चतुर्थांश लोकसंख्या संस्थानी मुलखात होती. उरलेला खालसा मुलूख होता. तेव्हा पूर्वीचे खालसा आणि पूर्वीचे संस्थानी जिल्हे शेजारी शेजारी ठेवून त्यांची आजची स्थिती पाहावी, हे कोणालाही सुचेल. तसे पाहिले तर शेतीतील गुंतवणूक आणि उत्पादकता यांत खालसा जिल्हे सरस दिसतात. परंतु ठिबकच्या उदाहरणातील हरकत येथेही तितक्याच जोराने लागू होते: कंपनी सरकारने कोणता मुलूख घेतला? गंगेचे खोरे, नद्यांचे त्रिभुज प्रदेश, सारा चांगला देणारी काळी जमीन हाती घेणे त्यांच्या फायद्याचे होते, आणि वाळवंट, डोंगर किंवा रान असलेला बराच प्रदेश राजांकडे राहू देण्यात त्यांचे फारसे नुकसान नव्हते. सुपीक जमिनीचे श्रेय राजवटीला जाण्याचा धोका येथे उघड आहे.

लक्ष्मी अय्यर यांनी या पेचातून काढलेली वाट साताऱ्याच्या राजवाड्यातून जाते. लॉर्ड डलहौसी १८४८ ते १८५६ या काळात गव्हर्नर जनरल होता आणि औरस पुत्राशिवाय राजा वारल्यास दत्तक पुत्राचा गादीवरील हक्क अमान्य करून संस्थान खालसा करायचे, हे धोरण त्याने या काळात रेटून नेले. एप्रिल १८४८ मध्ये साताऱ्याचे शहाजी ऊर्फ आप्पासाहेब महाराज वारले. मृत्यूच्या अवघे काही तास आधी त्यांनी दत्तक घेतले होते, पण ते मान्य झाले नाही आणि छत्रपतींची सातारची गादी संपुष्टात आली. नोव्हेंबर १८५३ मध्ये झाशीचे गंगाधरराव आदल्या दिवशी दत्तक घेऊन वारले, डिसेंबरमध्ये नागपूरचे तिसरे रघूजी भोसले वारसाविना वारले आणि पुढच्या वर्षात ही दोन्ही राज्ये नकाशावरून गेली. १८५७ च्या उठावानंतर हे धोरण सोडून देण्यात आले; राणीच्या १८५८ च्या जाहीरनाम्यामागोमाग संस्थानिकांना दत्तकाचा हक्क मान्य करणाऱ्या सनदा मिळाल्या. म्हणजे राजा औरस पुत्राशिवाय मरणे या घटनेला या आठ वर्षांत जो अर्थ होता, तो त्यांच्यानंतर उरला नाही.

अय्यर यांचा युक्तिवाद असा की एखादा राजा नेमका याच काळात वारावा आणि त्या क्षणी त्याला औरस पुत्र नसावा, याचा संबंध त्याच्या राज्यातील जमिनीच्या पोताशी, पावसाशी किंवा रयतेच्या कर्तबगारीशी असण्याचे कारण नाही. दैवाने येथे चिठ्ठी टाकली आणि त्या चिठ्ठीवर संस्थान राहणे अथवा खालसा होणे अवलंबून राहिले. म्हणून त्यांनी १८४८ पर्यंत टिकून असलेल्या संस्थानांपुरतीच तुलना ठेवली आणि राजाचा निपुत्रिक मृत्यू हे साधनचल म्हणून वापरले. अवधचे राज्य १८५६ मध्ये गैरकारभाराचा ठपका ठेवून घेतले गेले. ते घेणे हा हिशेबी निर्णय होता, त्यामुळे अशा विलीनीकरणाने तुलना दूषित होऊ नये हीच या पद्धतीची काळजी असते.

गणित किती साधे आहे हे एका काल्पनिक उदाहरणावरून लक्षात येईल. समजा, ज्यांचे राजे निपुत्रिक वारले अशा भागांपैकी शेकडा ६० खालसा झाले आणि इतरांपैकी शेकडा १०. निपुत्रिक मृत्यूमुळे खालसा होण्याचे प्रमाण ५० ने वाढले. आता समजा, पुढे शंभर वर्षांनी पहिल्या भागांतील शंभरपैकी ६६ गावांत शाळा आहे आणि दुसऱ्या भागांतील शंभरपैकी ७० गावांत. हा चार गावांचा फरक ज्या निम्म्या भागांचे नशीब त्या मृत्यूने खरोखर पालटले त्यांच्यामुळेच पडला असेल, तर खालसा होण्याचा परिणाम चार भागिले अर्धा, म्हणजे शंभरात आठ गावे शाळेविना राहणे, इतका निघतो. प्रत्यक्ष अभ्यासात यावर पाऊस, जमीन, उंची अशा अनेक गोष्टींची दक्षता घेतलेली असते, पण गाभा एवढ्या भागाकाराचाच आहे.

अय्यर यांचा शोधनिबंध २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांनी स्वातंत्र्योत्तर दशकांतील शेतीचे आकडे आणि जनगणनेतील गावोगावच्या सोयींच्या नोंदी यांवर ही पद्धत लावली, तेव्हा खालसा जिल्ह्यांची शेतीतील आघाडी नाहीशी झाली. ती आघाडी ब्रिटिशांच्या कारभारापेक्षा त्यांच्या निवडीची होती. शाळा, आरोग्य केंद्रे आणि रस्ते यांच्या बाबतीत तर खालसा झालेले भाग स्पष्टपणे मागे असल्याचे दिसले. याची कारणे शोधताना अय्यर कारभाराच्या गुणवत्तेकडे बोट दाखवतात. या निष्कर्षाशेजारी महाराष्ट्राशी नाते असलेली दोन नावे ठेवून पाहण्याजोगी आहेत. नाशिक जिल्ह्यातील कवळाण्याचा गोपाळराव १८७५ मध्ये बडोद्याच्या गादीवर दत्तक गेला आणि सयाजीराव गायकवाड झाला. त्याने १८९३ मध्ये अमरेलीत सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ मध्ये तो राज्यभर नेला. कागलच्या घाटग्यांचा यशवंतराव १८८४ मध्ये कोल्हापूरच्या गादीवर दत्तक गेला आणि राजर्षी शाहू झाला. त्याने १९०२ मध्ये नोकऱ्यांत मागासवर्गीयांसाठी निम्म्या जागा राखल्या आणि १९१७ मध्ये सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला. दोघेही दत्तक वारस होते, आणि साताऱ्याला १८४८ मध्ये नाकारला गेलेला हक्क त्यांच्या वेळी मान्य होता. बडोद्याची गादी सयाजीरावांसाठी मोकळी झाली तीही आधीचे राजे मल्हारराव यांना गैरकारभाराच्या कारणाने पदच्युत केल्यामुळे. वाईट राजाला गादी जाण्याची भीती असावी, ही गोष्ट कारभाराच्या गुणवत्तेला पोषक ठरली असणे शक्य आहे.

तरीही सातारा आणि कोल्हापूर, भोसल्यांच्या एकाच घराण्याच्या दोन गाद्या, एक बुडाली आणि एक राहिली, एवढ्यावरून निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. शाहू महाराजांसारखा राजा प्रत्येक संस्थानाला लाभत नाही, आणि दोन जिल्ह्यांची तुलना ही शेवटी दोन जिल्ह्यांचीच तुलना असते. अशी जोडी मनाला पटकन पटते, म्हणूनच तिच्याबाबत सावध राहावे लागते. अनेक संस्थानांची सरासरी घेण्याचे प्रयोजन हेच आहे.

साधनचल दोन अटींवर उभे असते. पहिली अट प्रस्तुततेची: चिठ्ठीने वाटप खरोखर बदलले पाहिजे. ही अट आकड्यांवरून तपासता येते, आणि ती शंभर टक्के पाळली जाण्याची गरज नसते. करौली संस्थानाच्या बाबतीत डलहौसीने दत्तक नामंजूर करण्याचा घाट घातला होता, पण लंडनच्या संचालक मंडळाने तो मोडून काढला आणि राजा निपुत्रिक वारूनही संस्थान राहिले. दुसरी अट अधिक कठीण आहे. चिठ्ठीने परिणामापर्यंत पोहोचण्याचा मार्ग एकच असला पाहिजे. राजा निपुत्रिक वारला की भाऊबंदकी माजते, कारभार काही वर्षे ढेपाळतो, खजिना रिकामा होतो. संस्थान खालसा न होताही याचा परिणाम रयतेवर होत असेल, तर मोजलेला आकडा खालसा होण्याचा राहणार नाही. ही अट कोणत्याही आकड्याने पूर्णपणे सिद्ध करता येत नाही, तिच्यासाठी युक्तिवाद करावा लागतो. मात्र तिची आडून परीक्षा घेता येते. अय्यर यांनी ती घेतली: दत्तकाला मान्यता मिळाल्यानंतरच्या काळात जेथे राजे निपुत्रिक वारले, ते भाग आज मागे आहेत का, हे त्यांनी पाहिले, आणि तसा संबंध दिसला नाही. निपुत्रिक मृत्यू स्वतःच घातक असता, तर तो नंतरच्या काळातही घातक ठरायला हवा होता. या एका तपासणीमुळे सगळ्या मांडणीला जी भक्कमता येते, ती चार पानांच्या समीकरणांनी आली नसती.

मर्यादाही तितक्याच गांभीर्याने सांगायला हव्यात. या काळात वारसाअभावी बुडालेली संस्थाने मोजकीच होती. नागपूरच्या एका राजाच्या मृत्यूने नागपूर, भंडारा, चांदा आणि छत्तीसगडचा मोठा मुलूख एकदमच खालसा झाला. जिल्हे मोजले तर आकडा फुगतो, पण चिठ्ठी एकदाच टाकली गेली होती, आणि निष्कर्षातील अनिश्चिततेचा हिशेब जिल्ह्यांच्या संख्येवरून न करता राजांच्या संख्येवरूनच करावा लागतो. त्याखेरीज हे उत्तर फक्त त्या भागांबद्दल बोलते ज्यांचे भवितव्य त्या चिठ्ठीने पालटले. ग्विडो इम्बेन्स आणि जोशुआ अँग्रिस्ट यांनी १९९४ मध्ये ही गोष्ट नेमकेपणाने सिद्ध केली आणि अशा उत्तराला स्थानिक सरासरी परिणाम म्हटले. प्लासीनंतर हाती आलेल्या बंगालवर किंवा पेशवाई बुडाल्यावर १८१८ मध्ये घेतलेल्या पुण्यावर कंपनी सरकारचा काय परिणाम झाला, हे साताऱ्याच्या आणि झाशीच्या मृत्यूंवरून सांगता येणार नाही.

दैवाची चिठ्ठी सापडत नाही तेव्हा काळाची मदत घेता येते. १ एप्रिल १९९२ रोजी अमेरिकेतील न्यू जर्सी राज्याने तासाचे किमान वेतन ४.२५ डॉलरवरून ५.०५ डॉलर केले. शेजारच्या पेनसिल्व्हेनियात ते होते तेवढेच राहिले. डेव्हिड कार्ड आणि अ‍ॅलन क्रूगर यांनी सीमेच्या दोन्ही बाजूंची, बर्गर आणि तत्सम पदार्थ विकणारी ४१० उपाहारगृहे निवडून वेतनवाढीच्या आधी आणि नंतर तेथील कामगार मोजले. अर्धवेळ नोकरांची पूर्णवेळात मोजणी करून न्यू जर्सीत दर उपाहारगृहामागे सरासरी २०.४४ कामगार होते ते २१.०३ झाले, पेनसिल्व्हेनियात २३.३३ होते ते २१.१७ झाले. मंदीचे दिवस होते आणि पेनसिल्व्हेनियातील घट त्या मंदीची खूण मानली, तर न्यू जर्सीतही तेवढीच घट व्हायला हवी होती. ती झाली नाही, म्हणून दोन्ही बदलांतील फरक सुमारे पावणेतीन कामगारांचा निघाला, आणि वेतन वाढले की नोकऱ्या जातात या पाठ्यपुस्तकी समजुतीला त्याने हादरा दिला. फरकांतला फरक म्हणून ओळखली जाणारी ही पद्धत दोन राज्ये सारखी असण्याची अपेक्षा करत नाही. वेतनवाढ झाली नसती तर दोघांची वाटचाल समांतर राहिली असती, एवढीच तिची अट असते. या अटीवर आणि माहितीच्या दर्जावर पुढे अनेक वर्षे वाद झाला; विरोधकांनी पगारपत्रके मिळवून उलटी उत्तरे काढली, आणि कार्ड व क्रूगर यांनी २००० मध्ये सरकारी नोंदी तपासून त्यांना उत्तर दिले. कार्ड, अँग्रिस्ट आणि इम्बेन्स यांना २०२१ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले तेव्हा क्रूगर हयात नव्हते.

साधनचल आणि काळ या दोन्हींचा एकत्र उपयोग एस्थर डुफ्लो आणि रोहिणी पांडे यांनी भारतातील धरणांच्या अभ्यासात केला. देशात सर्वाधिक मोठी धरणे महाराष्ट्रात आहेत, त्यामुळे हा अभ्यास येथील वाचकाला परका वाटण्याचे कारण नाही. धरण कोठे बांधायचे हा निर्णय पाण्याइतकाच राजकारणाने होतो. ज्या जिल्ह्याचे पुढारी वजनदार, जेथे शेती आधीच बागायती, तेथे धरण येण्याची शक्यता जास्त असल्याने धरण असलेले आणि नसलेले जिल्हे सरळ ताडून पाहण्यात काही अर्थ नाही. पण एक गोष्ट पुढाऱ्याच्या हाती नसते, ती म्हणजे नदीचा उतार. पाणी साठवून पाटाने खाली नेण्यासाठी नदीला मध्यम उतार लागतो, वीजनिर्मितीसाठी तीव्र उतार लागतो, आणि पार सपाट पात्रात भिंत घालणे परवडत नाही. उतार स्वतःही शेतीवर परिणाम करतो, ही हरकत रास्त आहे. म्हणून डुफ्लो आणि पांडे यांनी उताराचा थेट उपयोग न करता, राज्यात धरणबांधणीची लाट आल्यावर योग्य उताराच्या जिल्ह्यांत त्या लाटेतील किती जास्त धरणे गेली, हे पाहिले आणि प्रत्येक जिल्ह्याची तुलना त्याच्या स्वतःच्या पूर्वस्थितीशी केली. नदीचा उतार वर्षानुवर्षे तसाच राहतो, बदलते ती धरणांची संख्या.

२००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासाचे उत्तर एका वाक्यात मावत नाही आणि त्यातच त्याचे मोल आहे. धरणाच्या खालच्या अंगाला असलेल्या जिल्ह्यांत शेतीचे उत्पादन वाढले, पावसाने ओढ दिली तरी पूर्वीइतका फटका बसेनासा झाला आणि ग्रामीण गरिबी घटली. ज्या जिल्ह्यात धरणाची भिंत उभी आहे तेथे मात्र उत्पादनात म्हणण्यासारखी वाढ दिसली नाही, त्यातील चढउतार वाढले आणि गरिबी वाढली. जमीन पाण्याखाली जाते ती वरच्या अंगाला, पाट वाहतो तो खालच्या अंगाला, आणि लाभ झालेल्यांकडून तोटा झालेल्यांकडे काही पोहोचवण्याचे काम बाजाराने केले नाही व सरकारनेही केले नाही, असे त्या दोघींचे म्हणणे आहे. देशभराची एकच सरासरी काढली असती, तर या दोन प्रकारच्या जिल्ह्यांमधील अन्याय तिच्यात विरून गेला असता.

या अभ्यासाचे मोजमाप जिल्ह्याच्या पातळीवर आहे, हेही ध्यानात ठेवावे लागते. सातारा जिल्ह्यात पाटण तालुक्यात उभ्या असलेल्या कोयना धरणाच्या पाण्याखाली ज्यांची गावे गेली, त्यांतील अनेक कुटुंबांना ठाणे, रायगड, रत्नागिरी, सोलापूर अशा जिल्ह्यांत नेऊन वसवण्यात आले. नदीकाठची जमीन आणि डोंगरउतारावरची नाचणी मागे ठेवून खाडीकाठी किंवा माळरानावर नव्याने उभे राहिलेले असे घर पुढच्या पाहणीत नव्या जिल्ह्याच्या नावावर मोजले जाते. त्याचे दारिद्र्य साताऱ्याच्या आकड्यात येत नाही, आणि ज्या जिल्ह्याच्या आकड्यात ते येते, त्या जिल्ह्यात ते धरण नाही.